ख्रिस्ती आशा आणि मनाचं स्थैर्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाचा वर्ग सुटल्यावर दारात थांबून, रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि बरेचदा घरात कोणी गेल्यानंतर महिन्याभराने लोक हे प्रश्न विचारतात. विचारणाऱ्यांत प्रोटेस्टंट मंडळ्यांतले आहेत, वसईकडचे कॅथलिक आहेत आणि ख्रिस्ती नसलेलेही काही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत, ओळख पटेल असा तपशील मात्र काढून टाकला आहे. उत्तरं अधिकृत नाहीत. त्याबद्दल शेवटचा प्रश्न पाहा.

1. ख्रिस्ती आशा म्हणजे ‘सगळं ठीक होईल’ असं मानणं का?

नाही. ‘सगळं ठीक होईल’ हे आपण दवाखान्याच्या व्हरांड्यात एकमेकांना म्हणतो, कारण त्या वेळी दुसरं काही सुचत नाही. म्हणू नये असं नाही, पण कशावरून म्हणता असं कोणी विचारलं तर आपल्याजवळ उत्तर नसतं.

ख्रिस्ती आशा एका बाजूने याहून कमी सांगते आणि दुसऱ्या बाजूने फार जास्त. नोकरी परत मिळेल, गाठ साधीच निघेल, मुलगा दारू सोडेल, यातल्या कशाचंही वचन ती देत नाही. पण यातलं काहीच झालं नाही तरी देव तुम्हाला सोडणार नाही आणि मरणाशी गोष्ट संपणार नाही, हे ती ठामपणे सांगते. दानीएलाच्या पुस्तकात धगधगत्या भट्टीपुढे उभे असलेले तिघे तरुण राजाला काय म्हणतात ते पाहा (3:17-18). आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात म्हटल्या. त्यातली पहिली तेवढी लक्षात ठेवायची खोड आपली.

2. मग ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

एका घटनेच्या: येशू मरणातून उठला. करिंथकरांस पहिलं पत्र पौलाने, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या एका प्रमुख ख्रिस्ती प्रचारकाने, साधारण इ.स. 54-55 च्या सुमारास लिहिलं, म्हणजे येशूला क्रुसावर दिल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. त्याच्या 15व्या अध्यायात तो साक्षीदारांची यादीच देतो. केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधव (त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं तो मुद्दाम नोंदवतो), याकोब आणि शेवटी तो स्वतः. मग चौदाव्या वचनात तो असं लिहितो की एखाद्या प्रचारकाने लिहायला नको होतं: ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट.

सगळं एकाच खुंटीला टांगायचं धाडस त्याने केलं. ही घटना घडली हे कोणी नाकारू शकतं, आणि अनेक जण प्रामाणिकपणे नाकारतात. पण ती घडली असेल तर माझी झोप झाली की नाही, रिपोर्ट कसा आला, पगार झाला की नाही, यावर ती अवलंबून नाही. स्थैर्य येतं ते इथून. पेत्र जिला ‘जिवंत आशा’ म्हणतो (1 पेत्र 1:3) तिचं मूळही तो पुनरुत्थानातच दाखवतो.

3. विश्वास आणि आशा यांत फरक काय?

वचन देणाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो, आणि त्याने दिलेलं वचन अजून हाती आलेलं नसताना वाट पाहतो ती आशेने. जे दिसतं त्याची आशा कोण धरतो, असं पौल रोमकरांना विचारतो (8:24-25). प्रत्यक्ष जगताना दोन्ही एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की वेगळ्या काढण्यात फारसा अर्थ नाही. अपवाद एकच, तो प्रश्न 16 मध्ये.

4. आशा असेल तर मन डळमळायला नको. माझं तर रोज डळमळतं. माझ्यात काही कमी आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. विचारताना लोक आवाज खाली आणतात.

इब्री लोकांस पत्रात (6:19) आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. रोमजवळच्या प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर नांगर कोरलेले आजही दिसतात. कोकणातल्या कोळ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नांगर टाकला म्हणून लाटा थांबत नाहीत, होडी हलायची राहत नाही, पोटात ढवळायचंही राहत नाही. होडी वाहून जात नाही, एवढंच. तुमचं मन हलतं याचा अर्थ समुद्र खवळलेला आहे. नांगर सुटला असा त्याचा अर्थ होत नाही.

हे पत्रातलं चित्र वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये 27 वाचा. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे, गलबतावर 276 माणसं, आणि चौदावी रात्र. किती दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, अन्न कोणी घेतलेलं नाही. जमीन जवळ आली असं वाटून खलाशी खोली मोजतात आणि खडकावर आपटू म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. त्यानंतर ते काय करतात? उजाडण्याची वाट पाहतात. पौल तेव्हा प्रवचन देत नाही. पहाटे तो सगळ्यांना चार घास खायला सांगतो, स्वतः भाकर घेतो, देवाचे आभार मानतो आणि खायला लागतो. ते पाहून बाकीचेही खातात. पुढे गलबत फुटलंच. फळ्या धरून, पोहत, सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागले. माणसं वाचली, गलबत गेलं, आणि हे दोन्ही आधीच सांगितलेलं होतं (27:22).

हाच पौल करिंथकरांना सरळ लिहितो की आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) आमच्यावर इतका भार आला की जगण्याचीही आशा आम्ही सोडली होती (2 करिंथ 1:8). प्रेषिताला हे लिहायची लाज वाटली नाही. तुम्हालाही वाटू नये.

5. ‘तुमच्या हिताचे संकल्प’ हे यिर्मयाचं वचन (29:11) आमच्या कॅलेंडरवर आहे. ते माझ्यासाठी आहे की नाही?

आहे, पण आधीचं वचनही वाचून घ्या. कॅलेंडरवर ते कधी छापत नाहीत.

यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने हे पत्र पाठवलं. तेव्हा हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील (28:3). लोकांना साहजिकच हनन्या आवडत होता. यिर्मया म्हणाला, सत्तर वर्षं. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ‘हिताचे संकल्प’ त्यानंतर येतात. म्हणजे ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बहुतेक बाबेलमध्येच मातीत गेले, परत आली ती त्यांची नातवंडं.

म्हणून हे वचन परीक्षेच्या निकालाला किंवा व्हिसाच्या अर्जाला लावायचं असेल तर जरा थांबा. लांबणाऱ्या काळात, जिथे आहात तिथेच झाडं लावत राहायला ते बळ देतं. आपल्याकडे हनन्या अजूनही भरपूर आहेत, आणि त्यांच्या सभांना गर्दीही जास्त असते.

6. मी प्रार्थनेत देवाकडे नुसती तक्रार करते. हा अविश्वास आहे का?

तक्रार देवाकडे करताय ना? मग नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतकी आहेत की ती वगळली तर पुस्तकाचा मोठा भागच जाईल. 13वं स्तोत्र ‘किती वेळ’ असं पुन्हा पुन्हा विचारतं. 88वं तर शेवटपर्यंत वळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, शहराची राख झालेली असताना, कवी आधी वीस वचनं नुसता कण्हतो. मग 21व्या वचनाला त्याला काहीतरी आठवतं आणि तो म्हणतो, म्हणून मला आशा आहे. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे सगळ्यांना पाठ असलेलं वचन त्यानंतरचं आहे. आधीची वीस वचनं गाळून तिथे उडी मारता येत नाही. रविवारच्या उपासनेत आपण बहुधा उडीच मारतो, ही माझी जुनी कुरकुर.

7. उपास केला, साखळी प्रार्थना केली, तेल लावलं. तरी आजार बरा झाला नाही. एका प्रचारकाने सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला. खरं आहे का?

असं सांगणाऱ्याने तुमच्यावर आजाराच्या वर अपराधाचं ओझं टाकलं.

नव्या करारातच पाहा. पौलाने स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ असं उत्तर आलं (2 करिंथ 12:7-9). त्रफिमाला त्याने मिलेत इथे आजारी ठेवून पुढचा प्रवास केला (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23), म्हणजे साधा घरगुती इलाज. या कोणालाही त्याने विश्वास वाढव असं लिहिलेलं नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं (योहान 9:3).

बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा. देव बरं करतो असं मी मानतो. पण बरं होण्यावर आशा टांगली तर पुढचा रिपोर्ट येईपर्यंतच ती टिकेल. आणि जो कोणी औषध बंद करा म्हणजे विश्वास दिसेल असं सांगेल त्याच्या सभेला पुन्हा जाऊ नका.

8. नैराश्यासाठी गोळ्या घेतल्या तर देवावर भरवसा नाही असा अर्थ होतो का?

नाही. रक्तदाबाची गोळी घेताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट (1 राजे 19) या प्रश्नासाठीच लिहिल्यासारखी आहे. कर्मेल डोंगरावर एवढा विजय झाला, आणि लगेच राणी ईजबेलीच्या धमकीने तो पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला बोल लावला नाही. देवदूताने त्याला उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं, कारण वाट लांबची होती. देवाची वाणी डोंगरावर आली ती नंतर, झोप आणि जेवण झाल्यावर.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना भेटा. स्वतःला संपवावंसं वाटत असेल तर हे पान वाचत बसू नका. घरातल्या कोणाला तरी आत्ता सांगा, आणि 14416 वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

9. रोजच्या जगण्यात ही आशा टिकवायची कशी? नेमकं करायचं काय?

मोठं काही नको. जे टिकेल ते करा.

एक स्तोत्र तोंडपाठ असू द्या, शक्यतो लहानसं. 130वं आठच वचनांचं आहे. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं ते म्हणतं. मन ठिकाणावर असताना पाठ करा. एमआरआयच्या रांगेत बायबल उघडायचं भान राहत नाही, पाठ असलेलं मात्र आपोआप ओठांवर येतं. जुन्या मंडळ्यांत आजीआजोबांना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं अशीच पाठ असायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही यायची. हा ठेवा आपण स्क्रीनवर शब्द दाखवायला लागल्यापासून घालवत चाललो आहोत.

दुसरं, मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किंवा प्रभुभोजन चुकवू नका, विशेषतः जाऊ नये असं वाटत असेल तेव्हा. तुमच्याच्याने गाता येत नसेल त्या रविवारी शेजारचा गातो. तुमच्या वाटणीची आशा त्या दिवशी तो धरून ठेवतो, पुढे कधीतरी तुम्ही त्याच्यासाठी धराल. एकट्याने आशा टिकवणं फार कमी लोकांना जमतं. मला जमलेलं नाही.

तिसरं हाताला काम. कोणाला तरी डबा नेऊन द्या, संडे स्कूलच्या पोरांना पेन्सिली छिलून द्या, काहीही. पौल रोमकरांना जी चढण सांगतो (5:3-5), संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा, तिच्यात आशा शेवटी येते. आधीच्या पायऱ्या अशाच बिनचमकदार दिवसांच्या असतात.

10. खूप खचलो आहे. मंडळी, नोकरी, सगळं सोडून द्यावं असं वाटतं. निर्णय घेऊ का?

आत्ता नको. हा सल्ला लोयोलाच्या संत इग्नाशियसचा. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून असताना आपल्या मनात काय येतं आणि काय जातं हे तो बारकाईने पाहायला शिकला. पुढे त्याने येशूसंघ (जेझुइट धर्मसंघ) स्थापन केला. त्याचा नियम असा: मन कोरडं, अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. उजेडात जे ठरवलं त्यावर टिकून राहावं. उलट प्रार्थना थोडी वाढवावी, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसावं, आणि हा काळ जाणार आहे हे स्वतःला सांगत राहावं. तो आणखी एक सांगतो, आणि ते मला जास्त आवडतं. बरे दिवस असतात तेव्हा पुढच्या वाईट दिवसांसाठी बळ साठवून ठेवावं.

याला अपवाद आहे. घरात मारहाण होत असेल, कामाच्या ठिकाणी किंवा चर्चमध्येसुद्धा कोणी छळत असेल, तर हा नियम लावून तिथे थांबू नका. तिथून बाहेर पडणं हा खचलेल्या मनाचा निर्णय धरायचा नाही, जीव वाचवण्याचा धरायचा.

11. आमचे वडील गेले. सगळे म्हणाले, ते प्रभूजवळ आहेत, रडू नका. मला तर रडू आवरत नाही.

रडा. मित्र लाजाराला आपण मरणातून उठवणार हे माहीत असूनही त्याच्या कबरेपाशी येशू रडला (योहान 11:35). पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो ते अर्धवट उचलून लोक ‘रडू नका’चा उपदेश करतात. त्याचं म्हणणं असं आहे की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका (1 थेस्सल. 4:13). शोकच करू नका असं तो म्हणत नाही.

2 नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, वसईत किंवा मुंबईत कोणत्याही कॅथलिक दफनभूमीत संध्याकाळी जाऊन या. कबरी धुतलेल्या, फुलं, मेणबत्त्या, आणि माणसं चक्क गप्पा मारत असतात, मध्येच कोणी डोळे पुसतं. शोक आणि आशा तिथे शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. मृतांसाठी प्रार्थना करावी का, यावर मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं एकमत नाही. कॅथलिक करतात, बहुतेक प्रोटेस्टंट देवाचे आभार मानून थांबतात.

12. कोणाच्या सांत्वनाला गेल्यावर काय बोलावं?

कमी. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (2:13), आणि तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं तिथपासून बिघडलं, शेवटी देवाने त्यांना सुनावलं (42:7). रोम 8:28, म्हणजे सगळ्या गोष्टी मिळून भल्यासाठी होतात हे वचन, खरं आहे, पण दफनाच्या दिवशी मुलाच्या आईला ते ऐकवू नका. तिचं तिला सापडू द्या. चहाचा थर्मास घेऊन जा, पाहुण्यांची सोय बघा आणि चाळीस दिवसांनी पुन्हा जा. तोपर्यंत बाकीचे येणं थांबलेलं असतं.

13. आमच्या घरातल्या एकाने आत्महत्या केली. त्याच्यासाठी काही आशा आहे का?

आहे. पूर्वी अनेक ठिकाणी अशा माणसाला चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारली जायची, आणि ती जखम कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. आज कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण वेगळी आहे. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद 2282 आणि 2283) म्हटलं आहे की गंभीर मानसिक त्रास, तीव्र भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा माणसांच्या तारणाबद्दल आपण निराश होऊ नये. देवाला फक्त स्वतःला ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देता येते. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा एक ग्रंथ नाही. पण मरण, जीवन, आत्ताच्या किंवा पुढच्या गोष्टी आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाहीत (रोम 8:38-39) हे तिथेही वाचलं जातंच, आणि त्या यादीत पौलाने या मरणाचा अपवाद घातलेला नाही.

कोणी पाळक दफनाला नकार देत असेल तर वाद घालत बसू नका, दुसऱ्या पाळकांना बोलवा. आणि तुम्ही स्वतः अपराधाने पोखरले जात असाल तर प्रश्न 8 पाहा.

14. मी बाप्तिस्मा घेतला, पण माझे आईवडील हिंदूच राहून गेले. त्यांच्याबद्दल आशा धरायची की नाही?

मराठी ख्रिस्ती घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या वाटेने आल्या नव्हत्या. त्या आल्या काही वर्षांनी, पुष्कळ रडून आणि भांडून. बाकीचे कित्येक आप्त कधीच आले नाहीत. असं अर्धं अर्धं वाटलेलं कुटुंब आपल्यापैकी अनेकांचं आहे.

उत्तरं वेगवेगळी आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली सांगितलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून चालतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या ख्रिस्तावरच्या उघड विश्वासाचा आग्रह धरतात. माझं मत विचाराल तर मी अब्राहामाच्या प्रश्नापाशी थांबतो: सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय (उत्पत्ती 18:25)? तुमच्या आईला तुमच्याहून जास्त ओळखणाऱ्याच्या हाती ती आहे. तिथे निकाल द्यायचं काम आपल्याकडे दिलेलं नाही, आणि जे उत्साहाने देतात त्यांच्यापासून मी लांब राहतो.

15. स्वर्गाच्या आशेवर बसलं की माणूस या जगाकडे पाठ फिरवतो. ही अफूची गोळीच नाही का?

तसं झालेलं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. गरिबाला ‘तिकडे मिळेल’ सांगून इकडे त्याची मजुरी बुडवणारे ख्रिस्ती होते आणि आहेत. ख्रिस्त आता येतोच आहे म्हणून काम सोडून बसलेले लोक पौलाच्या वेळीही होते, आणि त्यांना त्याने चांगलंच खडसावलं (2 थेस्सल. 3:10-12). देव बघून घेईल म्हणून हातावर हात ठेवून बसण्याला जुनी शिकवण आशेविरुद्धचं पापच म्हणते, निराशेच्या जोडीला ठेवलेलं.

पण पुनरुत्थानाचा तो मोठा अध्याय (प्रश्न 2) कुठे संपतो ते बघा. सत्तावन्न वचनं मरणावरच्या विजयाची, आणि अठ्ठावन्नावं म्हणतं: म्हणून स्थिर राहा, अढळ राहा, प्रभूच्या कामात गुंतून राहा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत. त्याच्या पुढच्याच ओळीपासून यरुशलेमच्या गरजूंसाठी वर्गणी कशी गोळा करायची याच्या सूचना सुरू होतात.

आणि केडगाव बघा. पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. 1880 ला भाऊ गेला, 1882 ला पती, तेव्हा पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. स्वर्गाची आशा त्यांना होतीच. त्या आशेने त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन भुकेने मरणाऱ्या शेकडो मुलींना आणलं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन काढलं. छापखाना बायकाच चालवत. वयाच्या उतरणीला हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला बसल्या. जिच्यावर सगळं सोपवायचं ती मनोरमा जुलै 1921 मध्ये गेली. भाषांतराचं काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या, आणि त्यांचं बायबल छापून आलं 1924 मध्ये. गोळी घेऊन झोपलेल्या बाईचं हे काम वाटतं का, तुम्हीच ठरवा.

16. खरं सांगायचं तर माझा विश्वास उरलेला नाही. पण हे खरं असावं अशी आशा आहे. एवढ्यावर चालेल?

सुरुवातीला एवढ्यावर भागतं. आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाने येशूपुढे आपला विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात ठेवले (मार्क 9:24), आणि मुलगा बरा झाला. आधी मन पक्कं करून ये, असं त्याला कोणी सांगितलं नाही. रमाबाईंनीही पुढे मोकळेपणाने लिहिलं की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही, आणि काम करणंही.

तेव्हा मागच्या बाकावर बसा. जी प्रार्थना मनापासून म्हणता येत नाही ती म्हणू नका, जी येते ती म्हणा. प्रश्न 6 मधलं 88वं स्तोत्र बहुतेकांना येतं.

17. आमचे पाळकसाहेब यातल्या काही उत्तरांशी सहमत नाहीत. कोणाचं ऐकू?

7, 13 आणि 14 बद्दल असेल, बहुतेक तिथेच वाद होतो. त्यांच्याशी बोला, वचनं काढून बसा, त्यांना त्यांची बाजू मांडू द्या. प्रश्न 7 मधल्या औषधांच्या बाबतीत मी मागे हटणार नाही, तिथे डॉक्टरांचं ऐका. बाकी ठिकाणी मतभेद राहिले तरी पाळकसाहेबांना सोडू नका. रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये येतील ते तेच, हे पान लिहिणारा येणार नाही.